'मोटर पॉवर'ला मराठीत काय म्हणायचं?

मामा नारळावरून पडला, मणक्याला जबर मार. केसपेपरवर 'मोटर पॉवर हात 5/5, पाय 1/5' लिहिलंय. मामी म्हणते विहिरीवरची मोटर 5 एचपीची, यांची कुठली? तिला कळेल असा शब्द सुचवा. शाळेच्या पुस्तकात 'प्रेरक चेतापेशी' होतं, पण प्रेरक म्हटलं की तिला भाषणवालेच आठवणार.

—

'कारक' पण वाचलंय, पण त्याने थेट व्याकरणाचा तास सुरू होतो. सरळ 'हालचाल' म्हणा की.

—

फिजिओ आहे म्हणून सांगते, 'हालचाल' नको. मज्जारज्जूला (मणक्यातून जाणाऱ्या नसांच्या दोरीला) इजा झाल्यावर काही आठवड्यांनी बऱ्याच जणांचे पाय आपोआप उडायला लागतात, ताठ होतात, घरचे खूश होऊन सांगतात हालचाल आली म्हणून, पण ती पेशंटने मनाने केलेली नसते त्यामुळे आम्ही ती धरतच नाही. 'स्वतःहून अंगठा वर करा' म्हणायचं आणि बघायचं. काहीच नाही तर 0, स्नायू नुसता आवळलेला दिसला किंवा हाताला लागला तर 1, वजन पेलावं लागणार नाही असं आडवं ठेवून पूर्ण हलवला तर 2, वजनासकट पूर्ण उचलला तर 3, वरून दाबलं तरी थोडाफार टिकला तर 4, नॉर्मल असेल तर 5. म्हणजे 1/5 म्हणजे 20 टक्के नव्हे, मार्क नाहीत ते! एका बाजूचे 10 स्नायूगट बघतो, पाच हाताचे पाच पायाचे, प्रत्येकी 5 धरून दोन्ही बाजू मिळून जास्तीत जास्त 100. मी पेशंटला 'जोर' म्हणते, स्वतःहून किती जोर लावता येतो.

—

जोर झकास. 'ताकद' म्हणाल तर लोक खारीक-बदाम चारायला लागतील. इथे स्नायूचा मुळात दोष नसतो हो, वर मेंदूतून निरोपच पोचत नाही.

—

मामीला जोर लगेच पटलं. पण खाली 'इन्कम्प्लीट, ग्रेड सी' आहे, ते ऐकून ती रडायलाच लागली, तिला वाटलं ट्रीटमेंट अपुरी राहिली.

—

अहो उलट आहे, कम्प्लीट असतं तर जास्त वाईट. इन्कम्प्लीट म्हणजे रज्जू पूर्ण निकामी नाही, अगदी खालच्या टोकापर्यंत थोडंतरी पोचतंय. सी म्हणजे इजेच्या खाली थोडा जोर आहे पण निम्म्याहून जास्त स्नायू 3 च्या आत. 'अर्धवट इजा' म्हणा.

—

आमच्या गावात अर्धवट म्हणजे डोक्याने कमी, मामाला ऐकवू नका. 'काही तारा शाबूत आहेत' म्हणा, मोटरवाल्या मामीला ते पटकन कळेल.