गाऊन झालं की आवाज बसतो, क्लास लावून हे सुटतं का?

बेसूर_नाही_हो

नमस्कार मंडळी. वय ३४, गाणं कधी शिकलेलो नाही, कानावर पडलं तसं म्हणत आलोय. सूर बरा आहे असं लोक म्हणतात (लोक चांगले आहेत). गेलं वर्षभर चारपाच मित्र आठवड्यातून एकदा जमतो आणि दोन-अडीच तास गातो, आणि भानगड तिथूनच सुरू झालीय. पहिली दोनतीन गाणी मस्त जातात, मग वरच्या जागा आल्या की मान ताणली जाते, गळ्याच्या शिरा टरारून दिसतात असं बायको म्हणते, आणि तासाभरात आवाज घोगरा. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन उचलला की समोरचा विचारतो सर्दी झालीय का. दुपारपर्यंत सुटतो आवाज.

मला स्टेजवर वगैरे जायचं नाहीये, फक्त साठीतही गाता यावं एवढीच इच्छा. तर क्लासमध्ये हे आवाज लावण्याचं तंत्र खरंच शिकवतात की नुसती गाणी बसवून घेतात? यूट्यूबवर भागेल का? आणि सगळे म्हणतात पोटातून गा, म्हणजे नक्की काय करू, पोट आत घेऊ की बाहेर काढू?

खर्जात_रमलेली

शिरा दिसतात म्हणालात ना, अर्धं उत्तर तिथेच आहे. मीही अशीच, वरचा सूर म्हणजे जास्त जोर असं धरून चाललेली. पहिल्या क्लासला गाणं पाठ करून नटूनथटून गेले, बाईंनी गाणं ऐकलंच नाही, अर्धा ग्लास पाणी आणि एक स्ट्रॉ हातात दिली आणि म्हणाल्या, यातून ऊ म्हणा. स्ट्रॉचं टोक पाण्यात दोन बोटं बुडवायचं, सूर खालून वर घसरवत न्यायचा आणि परत खाली आणायचा, आणि बुडबुडे मात्र पूर्ण वेळ एकसारखे आले पाहिजेत. मी वर गेले की ग्लासात उकळी फुटायची, पाणी टेबलावर. गाताना आपण किती हवा फुकट ढकलतो ते मला त्या सांडलेल्या पाण्याने दाखवलं, तोपर्यंत दहा जणांनी तोंडाने सांगून डोक्यात शिरलं नव्हतं.

त्यानंतर दीड महिना एकही गाणं नाही. स्ट्रॉ, ओठ फुरफुरवणं (लहान मुलं गाडी गाडी खेळताना करतात तसं, पण सुरात), मग खर्जातला (अगदी खालच्या सुरांतला) हळू आकार, म्हणजे नुसतं आऽऽ म्हणणं, जबडा सैल सोडून. वैतागले होते, खोटं कशाला सांगू. पण नंतर पहिल्यांदा अख्खं गाणं म्हटलं तेव्हा घसा आहे की नाही तेच कळेना.

पोटाचं म्हणाल तर, श्वास आत घेताना छातीखालचा पडदा खाली उतरतो म्हणून पोट आपसूक पुढे येतं, मुद्दाम काढायचं नाही. गाताना ते पोट धक्का मारून आत दाबायचं नाही, बरगड्या लगेच मिटू द्यायच्या नाहीत आणि हवा पुरवून पुरवून सोडायची. स्स्स असा आवाज वीस सेकंद एकसारखा काढून बघा, शेवटी धाप लागली तर हवा सुरुवातीलाच उधळताय. आणि यूट्यूबवर हे सगळं आहे हो, फक्त तुमची मान ताणली गेली हे यूट्यूबला दिसत नाही.

दुधाने_पोळलेला

क्लास लावा पण डोळे उघडे ठेवून. मी दोन वर्षं एकांकडे शिकलो, नाव सांगत नाही. त्यांचं एकच, जोर लाव, आवाज फाटला तरी चालेल, फाटूनच घडतो. घडला तर नाहीच, स्वरतंतूंवर गाठी आल्या, तीन महिने गाणं बंद आणि स्पीच थेरपी. तिथेही सगळा भर जोर कमी करण्यावरच होता म्हणजे दोन वर्षं जे कमावलं तेच विसरायला शिकलो.

त्यामुळे आता कुणी विचारलं की सांगतो, पहिल्याच दिवशी विचारायचं, गाताना घशात दुखलं तर काय करू? सवय होईल असं उत्तर आलं तर चपला घालायच्या. थांब, बघू काय होतंय असं म्हणाले तर बसायचं. स्वतः किती छान गातात त्याचा इथे फारसा संबंध नाही, काही लोकांना उपजतच बरोबर लागतो आवाज आणि त्यांना दुसऱ्याची अडचणच कळत नाही.

घसेवाली_ताई

मी स्पीच थेरपिस्ट आहे म्हणून थोडं. क्लासच्या आधी एकदा कान-नाक-घसा डॉक्टरांकडे जाऊन दुर्बिणीतून स्वरतंतू बघून घ्या. दुपारपर्यंत आवाज मोकळा होतो म्हणजे बहुतेक सूज येते आणि उतरते, पण दर आठवड्याला वर्षभर हेच चाललंय तर आत काय आहे ते बघितलेलं बरं. (आणि कुणाचाही आवाज सलग तीनचार आठवडे बसलेलाच राहिला तर घरगुती उपाय करत बसू नका.)

४४० हर्ट्झचा सूर लावला तर स्वरतंतू एका सेकंदात ४४० वेळा एकमेकांवर आपटतात. त्यात जोराने दाबलेत तर प्रत्येक वेळी जोराने आपटणार, सूज येणारच. स्ट्रॉने काय होतं, तोंड अरुंद झाल्यामुळे हवेचा दाब मागे तंतूंच्या वरच्या बाजूला राहतो, ते जरा सैल मिटतात, आपटणं कमी होतं. घरी ओळखायची खूण सांगते, अगदी बारीक मऊ आवाजात उंच सूर लावून बघा. मोठ्याने लागतो पण हळू लावला की नुसती हवा येते किंवा सूर उशिरा उमटतो असं असेल तर त्या दिवशी गाऊ नका, तंतू सुजलेत.

घसा खाकरायची सवय असेल तर सोडा, त्याऐवजी आवंढा गिळा. कुजबुजणं ही विश्रांती नव्हे, गप्प बसणं ही विश्रांती. आणि गाताना मध्येच घोटभर पाणी प्यायल्याने स्वरतंतू ओले होत नाहीत, पाणी अन्ननलिकेतून जातं, त्यामुळे पाणी दिवसभर प्यायचं असतं.

गंमत म्हणजे गाताना स्वतःचे स्वरतंतू आरशांतून पाहणारा मान्वेल गार्सिया हा डॉक्टर नव्हता, गाणं शिकवणारा होता, १८५४ साली.

दोन प्रश्न. दिवसभर बोलणं किती? आणि गाणी कुठल्या पट्टीत म्हणता?

बेसूर_नाही_हो

बापरे, दोन्ही ठिकाणी पकडलंत. काम फोनवरचं, पाचसहा तास बोलतो आणि हेडफोन लावून मोठ्याने बोलतो असं ऑफिसातले म्हणतात. पट्टीचा विचारच कधी केला नाही, मूळ गाणं ज्या पट्टीत तीच, खाली घेतलं तर ते फसवल्यासारखं वाटतं.

खर्जात_रमलेली

अहो फसवणं कसलं, मूळ गायकाचा गळा मूळ गायकाकडे. पट्टी उतरवा, मित्र कुरकुरतील तेवढं ऐकून घ्या.

बेसूर_नाही_हो

पाच आठवड्यांनी येतोय. डॉक्टरांनी बघितलं, थोडी सूज आहे, गाठ नाही. एका बाईंकडे जायला लागलोय, त्यांना तो दुखण्याचा प्रश्न विचारला, म्हणाल्या दुखायलाच नको, आणि आधी बोलून दाखवा म्हणाल्या, गाणं नंतर. पट्टी उतरवून पेटीच्या काळी दोनवरून पांढरी एकवर आलोय, पेटीवाला मित्र रुसला कारण त्याची बोटं बसली होती. परवा दोन तास गायलो, सकाळी आवाज थोडा जड होता पण सर्दीचं कुणी विचारलं नाही. एकच शंका, स्ट्रॉ जाड घ्यायची की बारीक? बारीकने माझे गाल फुगतात आणि डोकं दुखतं.

घसेवाली_ताई

डोकं दुखतंय म्हणजे अजून जोरच लावताय. आधी जाड घ्या, बुडबुडे शांत आले की मग बारीक. आणि फोनवर बसायच्या आधी दोन मिनिटं करा, पाचसहा तास बोलताय तर खरी गरज तिथेच आहे.