आमदार झाल्यावर वकिलीची सनद (परवाना) ठेवायची की जमा करायची?

कोर्टवारी
काल इथे एकानं लिहिलं, "आमदारकी पूर्णवेळ नोकरी आहे, निवडून आलेल्या वकिलानं सनद बार कौन्सिलकडे जमा करावी." वाचून राहवलं नाही. नोकरी म्हणायला नेमणारा लागतो, काढणारा लागतो. आमदाराला कामावरून कोण काढतं? २५ सप्टेंबर २०१८ ला अश्विनीकुमार उपाध्याय खटल्यात सुप्रीम कोर्टानं स्पष्ट केलं: वकिलांचं नियमन करणाऱ्या बार कौन्सिल ऑफ इंडियाचा नियम ४९ (नोकरीत असताना वकिली नाही) पूर्णवेळ पगारी नोकरासाठी आहे, लोकप्रतिनिधीला तो लागू नाही. तेव्हाच्या भारतीय दंड संहितेच्या कलम २१ नुसार आमदार 'लोकसेवक' नाही, हे तर अंतुले खटल्यात १९८४ लाच ठरलं. आणि पाच वर्षांनी पडला तर त्यानं खायचं काय? सनद काढून घेतलीत तर फक्त कारखानदारांची पोरंच उभी राहतील.

पक्षकाराची बाजू
पगार, भत्ते, निवृत्तिवेतन घ्यायचं आणि नोकरी नाही म्हणायचं? आपल्याच महाराष्ट्र-गोवा बार कौन्सिलनं डॉक्टरकी चालू ठेवणाऱ्याला सनद नाकारली, सुप्रीम कोर्टानं १९९६ ला चुलानी खटल्यात ते उचलून धरलं. कारण काय, तर वकिलीला पूर्ण वेळ लागतो. दवाखाना चालवणाऱ्याला तो वेळ नाही आणि मतदारसंघ सांभाळणाऱ्याला आहे? नागपूरचं अधिवेशन लागलं की कोर्टात ज्युनियर उभा राहतो, तयारी नसते, तारीख मागतो. गावाहून आलेला साक्षीदार दिवसाची मजुरी बुडवून परत जातो. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश १७ मध्ये "वकील दुसऱ्या कोर्टात आहे" हे कारण चालत नाही. मग अधिवेशनाचं का चालावं?

बाररूम
तारखांचा राग आमदारांवर काढू नका, तारखा सगळेच घेतात. खरी गफलत निवडणूक लढवणाऱ्या सरकारी वकिलांची होते. उमेदवारी अर्ज भरताना राजीनामा दिला की सुटलो, असं समजतात. पात्रता अर्जांच्या छाननीच्या दिवशी बघतात. त्याआधी राजीनामा मंजूर झालेला हवा. फाइल मंत्रालयात पडून राहिली की राज्यघटनेच्या अनुच्छेद १९१ मधलं लाभपद (सरकारकडून लाभ मिळणारं पद, ते असलं की आमदारकीला अपात्र) आडवं येतं, आणि निवडून आल्यावर निवडणूक याचिका.

कोर्टवारी
सरकारी वकिली लाभपद नाही. कांता कथुरिया खटला, सुप्रीम कोर्ट, १९६९.

बाररूम
अर्धवट वाचून सल्ले देऊ नका हो! कथुरियांची नेमणूक एका प्रकरणापुरती होती, आणि तोही निकाल तीन विरुद्ध दोन. महादेव विरुद्ध शांतीभाई खटला वाचा, रेल्वेच्या पॅनेलवरचा (वकिलांच्या यादीतला) वकील लाभपदधारक ठरला. अशा एका ओळीवर विसंबून माणसाची आमदारकी जाते. राज्याचा अपात्रता निवारण कायदाही उघडून बघा, त्याच्या यादीत पद असेल तर सूट मिळते.

कोर्टवारी
पॅनेलचा मुद्दा मान्य. पण सनदेचा मूळ प्रश्न त्यानं बदलत नाही.

पक्षकाराची बाजू
२०१८ चा निकाल असताना सनद जमा करा हा आग्रह टिकत नाही, एवढं कबूल. पटलेलं मात्र नाही. निदान आमदार वकिलाच्या वकालतनाम्यावर दुसऱ्या वकिलाची सही सक्तीची करा, आणि अधिवेशन चालू असताना त्या दुसऱ्यानंच उलटतपासणी घ्यावी. तारीख नको.