पॉलिएस्टर रेझिनमध्ये नॅनोट्यूबच्या गुठळ्या

प्रश्न: अनसॅच्युरेटेड पॉलिएस्टरमध्ये वजनाच्या १% मल्टिवॉल नॅनोट्यूब (अनेक थरांच्या अतिसूक्ष्म कार्बन नळ्या) साध्या स्टररने ढवळल्या. गुठळ्या राहतात, नमुना नुसत्या रेझिनपेक्षाही लवकर तुटतो. सोनिकेटर (अल्ट्रासाउंड लहरींनी गुठळ्या फोडणारं यंत्र) लावावा का?

उत्तर १: आधी प्रमाण उतरवा, ०.१ ते ०.३% पुरे. तडा गुठळीपासूनच सुरू होतो. सोनिकेटर चालेल, पण भांडं बर्फात ठेवून, थांबत थांबत. रेझिन तापलं की स्टायरिन (रेझिनमधलं पातळ, उडून जाणारं द्रव) उडतं आणि क्युअरिंग (रेझिन कडक होणं) बिघडतं. थ्री-रोल मिल (तीन रोलरमधून रेझिन रगडून काढणारं यंत्र) मिळाली तर उत्तमच. रोलरमधली फट टप्प्याटप्प्याने कमी करा. स्टायरिन तिथेही उडतं, म्हणून आधी-नंतर वजन करून घट स्टायरिन घालून भरून काढा.

उत्तर २: कोबाल्ट (क्युअरिंगला वेग देणारं) आधी पूर्ण मिसळा, मगच एमईकेपी (क्युअरिंग सुरू करणारं पेरॉक्साइड) १ ते १.५%. दोन्ही थेट एकत्र आले तर भडका उडतो, यात हयगय नको. नॅनोट्यूबमुळे रेझिन घट्ट होतं, बुडबुडे अडकतात. व्हॅक्यूम हलकाच द्या, जास्त ओढलात तर स्टायरिनच उकळेल.

प्रश्नकर्ता: पावडर तोलताना उडते, त्याचं काय?

उत्तर १: उघड्यावर तोलूच नका. फ्यूम हूड (हवा बाहेर खेचणारं प्रयोगशाळेतलं कपाट), पी-१०० फिल्टरचा (अतिसूक्ष्म धूळ अडवणारा) मास्क, हातमोजे. तिथेच थोड्या स्टायरिनमध्ये भिजवून मग रेझिनमध्ये घाला. हे स्टायरिनही हिशेबात धरा. सांडलं तर ओल्या कापडाने टिपा, झाडू नको.