बर्गी म्हणजे आपलाच बारगीर

पाठ्यपुस्तकांनी इतिहासातली कोणती प्रकरणे वगळली, या प्रश्नावर सर्वांनी परक्यांनी आपल्यावर केलेले अत्याचारच मोजले आहेत. त्यात आपण इतरांवर केलेल्या एका अत्याचाराची भर घालतो. इंदुरात आमच्या शेजारच्या बंगाली आजी नातवाला निजवताना जे गाणे म्हणत, त्यात पाखरांनी भात खाल्ले, आता खंडणी द्यायची कशी, असा प्रश्न होता, आणि ती मागायला येणारा होता ‘बर्गी’. हा बर्गी म्हणजे आपला बारगीर, सरकारी घोड्यावरचा स्वार, हे त्यांनीच मला काहीसे संकोचून सांगितले. नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजांनी १७४२ पासून बंगालवर वारंवार स्वाऱ्या केल्या, गावे लुटली, जाळली. धास्तावलेल्या कलकत्त्याने तर शहराभोवती खंदक खणायला घेतला. अखेर १७५१ च्या तहात वर्षाला १२ लाख रुपये चौथाई ठरली आणि ओडिशा नागपूरकरांकडे आला. आमच्या गुरुजींनी यातला एकच प्रसंग, तोही तावातावाने, सांगितला होता: बंगालचा नवाब अलिवर्दीखान याने १७४४ मध्ये रघूजींचे सेनापती भास्करराम कोल्हटकर यांना भेटीस बोलावून दग्याने मारले. भास्करराम तिथे कशासाठी गेले होते, हे वर्गात कुणी विचारले नाही, मीही नाही.