मदत हवी आहे: मोगली एरंड, करंज यांच्या तेलाचं गणित जुळतं का?

नमस्कार मंडळी. अखाद्य तेलबियांपासून बायोडिझेल या विषयावर टिपण लिहितोय आणि अर्थकारणापाशी अडलोय. मोगली एरंडाच्या (जट्रोफा) बीत साधारण 30 ते 35 टक्के तेल असतं, झाड पडीक जमिनीतही तग धरतं आणि खाण्याच्या तेलावर ताण येत नाही. पण तग धरणं वेगळं, भरपूर बी देणं वेगळं. पाणी-खत दिलं नाही तर उतारा घसरतो. दिलं तर तेच पाणी अन्नपिकाला का नको? सुरुवातीची काही वर्षं हाती फारसं लागत नाही, फळं एकदम पिकत नाहीत म्हणून तोडणीची मजुरी वाढते. मला सर्वांत जड वाटतो तो पेंडीचा मुद्दा. फॉर्बोल एस्टर या बीतल्या विषारी द्रव्यांमुळे ती गुरांना घालता येत नाही. सोयाबीनला पेंडीचाच तर मोठा आधार असतो!

कुणी लागवड किंवा गाळप प्रत्यक्ष केलंय का? पेंड खताला किंवा बायोगॅसला देऊन कितपत खर्च निघतो? सलग लागवडीपेक्षा बांधावर, कुंपणाला लावणं परवडतं का? आणि जुन्या बियांच्या तेलात मुक्त मेदाम्लं (तेल खराब होताना सुटणारी आम्लं) वाढतात, तेव्हा बायोडिझेल करण्याआधी ती कमी करायला आम्लप्रक्रिया करावी लागते. छोट्या युनिटला तो जादा खर्च झेपतो का? करंजाचा अनुभव असेल तर तोही जरूर लिहा.