चंडोलाच्या अंड्यांसारखी गाय: एका शब्दात?

अनुस्वार: दक्षिण आफ्रिकेतल्या न्गुनी गाईंवरच्या माहितीपटाची मराठी उपशीर्षकं करतेय. झुलू लोक कातडीवरच्या नक्षीवरून गाईला नाव देतात. दुधी अंगावर बारीक तांबूस ठिपके असले की 'अमाकांडा काहुये', म्हणजे चंडोलाची अंडी. मी 'कबरी' लिहिलं. तपासनीस म्हणतात कबरी म्हणजे राखाडी. ओळ पडद्यावर दोनच सेकंद असते. काय लिहू?

माणदेशी: बांडी.

उदगीरकर: बांडी नको हो, आमच्याकडे बांडं म्हणजे शेपूट तुटलेलं! आमच्या देवणी जातीच्या जनावरांत बघा: पांढरं अंग नि तोंड काळं तो वानेरा, सगळं पांढरं तो बालंक्या, पांढऱ्यावर काळे डाग तो शेवरा. शेवरी लिहा.

अनुस्वार: शेवऱ्याचे डाग तळहाताएवढे. हे मोहरी सांडल्यासारखे आहेत.

शुद्धमती: चंडोलांडवर्णी. 'ठिपकेदार' साडीला शोभतं.

माणदेशी: ह्या नावानं गोठ्यात एकदा हाक मारून दाखवा.

वाटसरू: शब्द शोधताच कशाला? झुलूंच्या शाका राजाच्या पांढऱ्या कळपाचं नाव होतं 'विसावा न घेणारा पक्षी'. त्याला आपण 'ढवळा' म्हणणार का? 'चंडोलाची अंडी'च ठेवा.

अनुस्वार: पटतंय, पण गाय दिसत असताना खाली अंडी? बरं, आणखी एक. न्गुनी ही 'सांगा' नावाच्या आफ्रिकी गाईबैलांच्या गटातली. उंचवटा आपल्या जनावरांसारखा खांद्यावर नाही, पुढे मानेकडे. गाईत तर जेमतेम दिसतो. तपासनीसांनी तिथं 'मदार' केलंय.

माणदेशी: मदार उंटाला! बैलाला वशिंड.

शुद्धमती: वशिंड हे मुळात वृष-पिंड असणार.

उदगीरकर: तुमचं 'असणार' आम्ही तीन धाग्यांपासून वाचतोय.

माणदेशी: खांदेमळणीला आजोबा हळद-लोणी चोळायचे ते जू बसतं त्या जागेवर, वशिंडाच्या पुढं. न्गुनीचं वशिंडच तिथं असेल तर जू टेकवायचं कुठं?

वाटसरू: म्हणजे खांद्यावर नसेल तर वशिंड म्हणायचं नाही?

शुद्धमती: ग्रीवोन्नती म्हणावं.

उदगीरकर: देवा.

अनुस्वार: वशिंड ठेवते. पण ठिपक्यांचं राहिलंच की. त्याच प्रसंगात निवेदक सांगतो, तुकतुकीत आखूड केसांमुळे हिला गोचीड कमी धरते.

उदगीरकर: 'धरते' नाही हो, गोचीड लागते.

माणदेशी: आमच्याकडे होते. 'गोचिडी झाल्यात.'