‘सेट’ला सिनॉनिम काय लिहायचा? सहावीच्या वर्कशीटवरून डोकं फिरलंय

कोपरखैरणे_शिकवणी

मी कोपरखैरण्याला घरीच शिकवण्या घेते, बहुतेक सगळी सेमी इंग्लिशची पोरं. परवा सहावीतल्या एकाची शाळेची वर्कशीट तपासून आली, त्यात नुसते सुटे शब्द आणि समोर रिकामी जागा, सिनॉनिम लिहा म्हणून. वाक्य नाही, चित्र नाही, काही नाही. ‘सेट’समोर पोराने ‘फिक्स्ड’ लिहिलं तर त्याच्यावर लाल फुली, आणि बाजूला ‘ग्रुप’ असं लिहून दिलंय. त्याची आई मला विचारते मॅडम, सेट मेनूमधला सेट म्हणजे ठरलेला ना, मग चूक कसं?

मी म्हटलं बघू तरी, म्हणून नेटवर थिसॉरस उघडला तर यादी संपेचना. रेडी, ग्रुप, प्लेस, हार्डन, एस्टॅब्लिश, सीनरी... यातलं एकही दुसऱ्याच्या जागी चालत नाही. मग हे सगळे एकाच शब्दाचे सिनॉनिम कसे? आणि इंग्लिशमध्ये सगळ्यात जास्त अर्थ सेटलाच आहेत असं कॉलेजात ऐकलं होतं ते खरं का? पोरांना हे शिकवायचं कसं ते सांगा, पाठांतर करून घ्यायची माझी अजिबात इच्छा नाहीये.

ठाणे_वाशी_लोकल

आमच्या घरी सेटचा एकच अर्थ चालतो. भाचा नेट-सेट पास झाला की लाइफ सेट 😄

(तो परीक्षेवाला सेट हिशोबात धरू नका हं ताई, ती नुसती आद्याक्षरं आहेत.)

तलावपाळी_कट्टा

ताई, पोराचं उत्तर बरोबर आहे आणि शाळेचंही, गंडलाय तो प्रश्न. वाक्याशिवाय सेटचा सिनॉनिम विचारणं म्हणजे आडनाव न सांगता ‘पाटलांचं घर कुठे’ विचारण्यासारखं.

मुळात हे दोन वेगळे शब्द आहेत, स्पेलिंग एक झालं एवढंच. एक जुन्या इंग्लिशमधलं क्रियापद. सिट म्हणजे बसणे, आणि त्याचं प्रयोजक रूप सेट, म्हणजे बसवणे. आपल्याकडे बसणे-बसवणे आहे अगदी तस्संच. अंगठीत खडा बसवतात, निखळलेलं हाड बसवतात, इंग्लिशमध्ये दोन्हीकडे सेटच. बॅट्समन सेट झाला असं जे म्हणतात त्याला मराठी कॉमेंट्रीत ‘नजर बसली’ म्हणायचे, आठवतंय का? पोराचा ‘फिक्स्ड’ याच घरातला, एकदा बसवलं की हलत नाही, म्हणून ठरलेलं.

दुसरा सेट म्हणजे समूह, तो फ्रेंचमधून आला, मूळ लॅटिन ‘सेक्टा’. पंथाला सेक्ट म्हणतात ना, तोच. एकाच्या मागे चालणाऱ्यांचा जथा, त्यावरून गट, त्यावरून कपबशांचा सेट. शाळेचा ‘ग्रुप’ इकडचा. पुढे वापरात दोन्ही एकमेकांत इतके मिसळले की आता वेगळे काढणं कठीण, पण मुळं दोन आहेत हे पोरांना सांगितलं की निम्मा गोंधळ तिथेच संपतो.

गंमत म्हणजे सिट-सेटचा धातू आणि आपला संस्कृत ‘सद्’ एकाच मुळाचे. सदन, परिषद, संसद, उपनिषद यातला सद्. लॅटिनमधून आलेलं ‘सेशन’ पण त्याच खानदानातलं. म्हणजे संसदेचं सेशन बसतं तेव्हा ते तिन्ही बाजूंनी बसतं 😀

जास्त अर्थांचं म्हणाल तर तुम्ही ऐकलं ते एकेकाळी खरं होतं. ऑक्सफर्डच्या मोठ्या डिक्शनरीची दुसरी आवृत्ती १९८९ची, तिच्यात नुसत्या ‘सेट’ क्रियापदाचे ४३० अर्थ आहेत आणि त्या एका नोंदीत ६०,००० च्या आसपास शब्द आहेत. गिनीज बुकात पण सेटच होता. पण नव्या आवृत्तीचं काम करताना ‘रन’ क्रियापदाची नोंद पुन्हा लिहिली गेली आणि ती ६४५ वर गेली. पीटर गिलिव्हर नावाच्या संपादकाला त्या एका शब्दाला नऊ महिने लागले. यंत्रं आली आणि मशीन चालतं, दुकान चालतं, प्रोग्राम चालतो, निवडणुकीला उभं राहणं हे सगळं रनच्या गळ्यात पडलं, बिचारा सेट मागे राहिला.

आणि थिसॉरसला शिव्या घालू नका. रोजे या इंग्रज डॉक्टरने १८५२ मध्ये त्याचा थिसॉरस काढला तेव्हा शब्द एबीसीडीने लावलेच नव्हते, कल्पनांप्रमाणे गट पाडले होते. मागच्या सूचीत शब्द शोधायचा, तिथे त्याचे वेगवेगळे अर्थ दिसतात, त्यातला आपल्याला हवा तो धरून त्या गटात जायचं. म्हणजे कुठला सेट ते आधी तुम्ही ठरवायचं. नेटवरच्या याद्यांनी हीच पायरी खाल्ली.

उलवे_साइट

यादीतल्या ‘हार्डन’बद्दल बोलतो, मी सिव्हिलवाला. सिमेंट सेट होणं आणि हार्ड होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हो, आमच्यात कोणी एकाच्या जागी दुसरं वापरलं तर साहेब झापतो. सेट झालं म्हणजे लगदा धरला, आता त्याला आकार देता येणार नाही. लॅबमध्ये सिमेंटच्या लगद्यात सुई सोडून बघतात, ती तळापासून साधारण ५ मिलिमीटरवर अडकली की इनिशियल सेटिंग झालं. साध्या पोर्टलँड सिमेंटला ते ३० मिनिटांच्या आत होऊन चालत नाही, नाहीतर माल कालवून वरच्या मजल्यावर नेईपर्यंतच धरायचा. फायनल सेटिंग मात्र ६०० मिनिटांच्या आत झालंच पाहिजे. पण हार्ड होणं त्यानंतर सुरू, आपण स्ट्रेंग्थ बघतो ती २८ दिवसांची. सेट झालेल्या स्लॅबवर फार तर चालता येतं, म्हणून कोणी लगेच खालचे टेकू काढत नाही.

त्यामुळे सेट म्हणजे हार्डन असं पोरांना देऊ नका. दह्याचं बघा ना, दही सेट झालं म्हणजे लागलं, कडक नाही झालं.

घोडबंदर_पडदा

सीनरीवर मी. इकडे घोडबंदर पट्ट्यात सिरियलींची कामं चालतात, मी आर्टमध्ये आहे. आमच्याकडे सेट लावतात, सेट तोडतात, आणि ‘कुठेयस?’ला उत्तर ‘सेटवर’. प्लायचं खोटं देवघर असो की खरीखुरी भाड्याने घेतलेली खोली, कॅमेरा लागला की तो सेट. सीनरी म्हटलं तर आमचा सुतार पण हसेल, सीनरी म्हणजे मागचा रंगवलेला पडदा. नाटकवाले नेपथ्य म्हणतात तो शब्द जास्त जवळचा, जरी संस्कृत नाटकात नेपथ्य म्हणजे पडद्यामागची जागा, जिथे नट तयार होतात. म्हणजे दिसत नव्हतं ते आता दिसायला लागलं, तेवढं चालतं भाषेत.

कोपरखैरणे_शिकवणी

बापरे, एवढं येईल वाटलं नव्हतं. बसवणे एकदम पटलं, आज वर्गात सांगूनच टाकते. एकाने आत्ताच विचारलं मॅडम मग ‘सेटिंग लावली’ कुठल्या घरातलं, आणि मागची सगळी फिदीफिदी.

ऐरोली_अण्णा

थांबा, बसवण्यावर एवढं बसू नका. कट्टेकरांचं मूळ बरोबर आहे पण भाषांतराला ते रोज कामाला येत नाही. टेबल सेट करणे म्हणजे आपण पानं घेतो. पेपर सेट करतात त्याला आपण पेपर काढला म्हणतो, गजर लावतो, सापळा रचतो, आणि सूर्य तर मावळतो. नाहीतर उद्या पोरं ‘वी सेट गणपती’ लिहून आणतील आणि परत फुली तुमच्या नावावर. सेटिंग लावणं हे आपलंच हिंदी-मराठीतलं पीक आहे, इंग्लिशमध्ये त्या कामाला फिक्स म्हणतात, मॅच फिक्सिंगमधलं.

दुसरं, शाळेच्या ‘ग्रुप’वर माझा आक्षेप आहे, मी आयुष्यभर गणित शिकवलंय. नववीच्या आपल्या गणित भाग १ मध्ये पहिलाच धडा संच, इंग्लिशमध्ये सेट्स. तिथे सेटच्या जागी ग्रुप लिहिलं तर ती वेगळीच भानगड होते, गणितातला ग्रुप हा काही नियम पाळणारा खास संच असतो. शिवाय संचात क्रमाला किंमत नाही आणि तोच घटक दोनदा मोजत नाहीत. ‘दादा’ शब्दातल्या अक्षरांचा संच केला तर द एकदाच. कपबशांच्या सेटला हा नियम लावला तर सहा सारख्या कपांचा एकच कप उरेल, पाहुणे आल्यावर पंचाईत.

शिकवायचंच तर असं करा. एकाच शब्दाची चार वाक्यं फळ्यावर द्या आणि प्रत्येकात सेट काढून दुसरा शब्द बसतो का ते त्यांच्याकडूनच बघून घ्या. ‘द डेट इज सेट’ मध्ये फिक्स्ड बसतो, ग्रुप बसत नाही. ‘अ सेट ऑफ कीज’ मध्ये ग्रुपही धड बसत नाही, तिथे बंच लागतो. आपण पण जुडगा म्हणतो, किल्ल्यांचा गट म्हणत नाही.

आणि नेटच्या यादीपेक्षा हॉर्नबीची लर्नर्स डिक्शनरी घ्या. मोठी ऑक्सफर्ड जुना अर्थ आधी देते, त्यात मुलांचा जीव जाईल. हॉर्नबीने १९४८ची ती डिक्शनरी परक्या भाषेतून इंग्लिश शिकणाऱ्यांसाठीच केली, शब्द वाक्यात कुठे आणि कशासोबत येतो ते दाखवते.

कोपरखैरणे_शिकवणी

अण्णा, जुनी कॉपी चालेल का? नवी घेतली तर पोरं एका महिन्यात पानं सुटी करतील.

ऐरोली_अण्णा

पळेल. रद्दीवाल्याकडे मिळाली तर बिनधास्त घ्या, फक्त एस आणि आर ची पानं शाबूत आहेत ना ते तिथेच उघडून बघा. मोबाईल-नेटचे नवे शब्द नसतील एवढंच.

ठाणे_वाशी_लोकल

‘पळेल’ म्हणजे रन ना अण्णा? ६४६वा झाला 😄